वारा पाठीशी होता

लेक मांडीवर झोपलीय. एका हाताने टाइप करतेय, चुका पोटात घाला. पण यात माझ्या पदरचं काहीही नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दिवसाढवळ्या, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये घडलेली.

नवरा परदेशात छपाईची मशीन बसवायला गेला होता. परतीचं विमान तेरा तासांचं, मध्ये कुठेच थांबत नाही. सकाळी बसताना त्याचा फोन आला.

"बाईसाहेब काय म्हणतायत?" सात महिन्यांच्या लेकीला तो बाईसाहेबच म्हणतो.

"दात येतायत. रात्रभर नाचवलंय मला."

"आज रात्री माझी पाळी. तू ढाराढूर झोप."

दुपारी बेल वाजली.

दारात... तोच.

"अरे! इतक्यात?"

"वारा पाठीशी होता," तो म्हणाला आणि सोफ्यावर जाऊन बसला.

बॅग नव्हती. आमच्या लिफ्टचं दार एवढं आदळतं की लेक दचकते.

ते वाजलंच नव्हतं...

खरं सांगते, भूतबित डोक्यातही आलं नाही. आला तो वेगळाच संशय. हा गेलाच नव्हता की काय? इतके दिवस इथेच, कुणाकडेतरी?

डोकं सणकलं. पाणी आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले आणि सकाळी त्याने पाठवलेला फोटो उघडला. खिडकीची सीट, कमरेला पट्टा, शेजारी हसणाऱ्या कुणी आजी.

म्हणजे गेला होता.

फोनवर त्याचं विमान शोधलं. नकाशावर चिमुकलं पिवळं विमान...

समुद्राच्या मधोमध. पोचायला अजून सात तास.

मग बाहेर कोण बसलंय?

"बाळ कुठे आहे?" बाहेरून आवाज आला.

बाळ?

मी धावत बेडरूमच्या दारात जाऊन उभी राहिले. लेक पाळण्यात टक्क जागी होती. बाबाचा आवाज ऐकला की घर डोक्यावर घेणारी माझी पोर...

चूं नाही की चां नाही.

"झोपलीय," मी म्हणाले.

"दे ना जरा."

"आत्ता नको."

तो मग उठला आणि दाराकडे गेला. अनवाणी. आला तेव्हा पायात काही होतं का... आठवत नाही.

"बरं. येतो."

दार लागलं. जिन्यात पावलं नाहीत. लिफ्ट नाही.

रात्री लिफ्टचं दार धाडकन आदळलं. बॅगेची चाकं खडखडली. "बाईसाहेब, नोकर हजर आहे!" लेकीने किंकाळी फोडली, आनंदाची. मी मात्र त्याच्या गळ्यात पडून रडले.

सगळं सांगितलं. "झोप पुरी होत नाहीये तुझी," तो म्हणाला.

असेलही.

पण हल्ली रोज सकाळी तो कामाला निघताना "येतो" म्हणतो आणि दारातच घुटमळतो.

"अगं, 'ये' तरी म्हण!"

जीभ उचलत नाही. लेकीला घट्ट धरून मी नुसती मान हलवते.

कारण त्या दुपारी तो दारातून "येतो" म्हणाला, तेव्हा सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं होतं...

"ये. लवकर ये."