रडून झालेला अंगरखा

ख्वाशाक मद्य काढायला तळघरात उतरली तेव्हा सकाळचं ऊन नुकतंच ओखेराच्या गढीवर आलं होतं. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणाचं झाकण तिने सरकवलं, लांब दांड्याचा भोपळा आत बुडवला आणि पहिला प्याला बाजूला काढून ठेवला. तो मुरवानचा. गेले एकोणचाळीस दिवस ती हेच करत होती, आणि आज शेवटचा दिवस होता.

मुरवान म्हणजे या दरीचा धनी. वर जॉर्जियाचा राजा, त्याच्याही डोक्यावर मंगोलांचा खान, आणि दोघांना सांभाळून आपला मुलूख राखणारा हा हट्टी माणूस. ख्वाशाकने त्याला अंगावर पाजलं होतं. तिचं स्वतःचं लेकरू त्याच वर्षी गेलेलं, त्यामुळे तिच्या जिवाला तो एकच. दीड वर्षापूर्वी तो खानाच्या छावणीत गेला होता. आम्हाला थेट तुमच्या हाताखाली घ्या, मधे कुणी नको, एवढंच मागायला. हिवाळ्याच्या तोंडावर निरोप आला की तापाने गेला.

प्रेत आलं नाही. ओखेरात प्रेत आलं नाही तर कपडे मांडतात. गालिच्यावर टोपी, तिच्याखाली अंगरखा, कमरपट्टा, बूट, जसा माणूस उताणा झोपलाय. शेजारी रोटी, अक्रोड आणि प्याला. बायका भोवती बसून चाळीस दिवस त्या कपड्यांना हाका मारून रडतात. बाकीचे कपडे मेलेल्याच्या नावाने गोरगरिबांना वाटतात, आणि मांडलेले तेवढे शेवटच्या संध्याकाळी नदीत सोडतात. रडून झालेलं वस्त्र जिवंत माणसाने अंगाला लावायचं नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

ख्वाशाकला एकच समाधान होतं. रोज सकाळी रोटीचा तुकडा मोडलेला असे, प्याला निम्मा रिकामा असे. आपलं पोर येऊन जेवून जातं, असं ती बायकांना सांगायची, आणि सांगताना तिचा ऊर भरून यायचा.

ती जिना चढत होती तोच बुरुजावरचं शिंग वाजलं. तीनदा. तीनदा म्हणजे धनी घरी आला.

अंगणात एकच कल्ला उठला. कारभारी बेश्केन, एरवी बर्फावरून जपून चालणारा जाडा माणूस, टोपी हवेत उडवत धावत सुटला. दरवाजातून घोडा आत आला. त्याच्यावर फाटक्या मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेला, दाढी वाढलेला एक सापळा होता, आणि तो सापळा खदखदून हसत होता.

"काय रे, कुणाचं सुतक चाललंय?"

"तुमचंच, सरकार!" बेश्केन रडत रडत ओरडला.

मुरवान उतरला आणि लंगडला. डाव्या पायाची दोन बोटं हिमाने खाल्ली होती. ख्वाशाकच्या हातून भांडं पडलं, पायऱ्यांवर मद्याचा पाट वाहिला, तिला भानच नव्हतं. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, चाचपलं, पुन्हा चाचपलं.

"माई, खरं सांग, किती रडलीस? हंडाभर तरी?"

"मेल्या, एक निरोप धाडता आला नाही तुला?"

सगळं अंगण हसलं. ती स्वतःही हसली. इतका आनंद तिला उभ्या आयुष्यात झाला नव्हता.

"माई, खानाने मुलूख दिला! थेट मला!" तो तिला गरागरा फिरवत म्हणाला. "त्याचा वकील आल्चिदाय मागून येतोय, घटकाभरात पोचेल. सनदेची सोन्याची पट्टी त्याच्याजवळ आहे. मी माझ्या पोशाखात, माझ्या गादीवर दिसलो की ती माझ्या गळ्यात."

बेश्केनचा चेहरा उतरला. "सरकार, पण हे सुतक... मर्तिकाच्या घरचं माणूस मंगोल वर्षभर खानासमोर येऊ देत नाहीत. त्या वकिलाला वास जरी लागला तरी तो पट्टी घेऊन दारातून परत फिरेल."

"मग लागू देऊ नका! तोंडं धुवा, भट्ट्या पेटवा, गाणी म्हणा. आणि माझे कपडे आणा."

"वाटले, सरकार."

"सगळे?"

"तुमच्या आत्म्यासाठी. गावचे भिकारी तुमच्याहून रुबाबदार दिसतात हल्ली."

मुरवान पोट धरून हसला. मग वरच्या दालनात गेला आणि गालिच्यासमोर थांबला. ख्वाशाक धावत त्याच्या मागून आली आणि मधे उभी राहिली.

"त्या अंगरख्याला हात लावू नकोस, राजा. आम्ही रडलोय त्याच्यावर. तो आता तुझा नाही."

"मग कुणाचा?"

उत्तर द्यायला तिने तोंड उघडलं आणि तिची नजर ताटाकडे गेली. रोटी मोडलेली होती. प्याला निम्मा होता. मुरवान तर हे चाळीस दिवस जिवंत होता, घोड्यावर होता, वाटेत होता. मग इथे येऊन जेवत कोण होतं?

तिने त्याचा हात धरला. "नको रे... माझं ऐक..."

"माई, मी त्या फाटक्या कातड्यात दिसलो तर दरी गेली. परका माणूस येऊन बसेल इथे. खाली नाचतायत त्यांचं काय होईल?"

त्याने अंगरखा चढवला, कमरपट्टा, बूट, टोपी सगळं घातलं. दीड वर्षात तो निम्मा झाला होता, अंगरखा झुलायला हवा होता. तो अंगाला चपखल बसला. मुरवानचं हसू जरासं कमी झालं.

"ऊब आहे गं..." तो हळूच म्हणाला. "आत्ता कुणी काढून ठेवल्यासारखी..."

खाली मंगोलांचे नगारे वाजले.

आल्चिदायने दरवाजात दोन जाळ पेटवले. त्यांचा रिवाजच तो. खानाचं दान घेणाऱ्याने दोन आगींच्या मधून जायचं, म्हणजे अंगावर आलेलं काही बाहेरचं असेल तर गळून पडतं. बायका धुतलेल्या तोंडांनी गात होत्या. मुरवान लंगडत आगींमधे शिरला. मधोमध पोचला आणि थांबला. त्याने मान वळवून ख्वाशाककडे पाहिलं, ओठ हलले. आगीच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. मग धुराचा लोट मधे आला.

धुरातून तो ताठ चालत बाहेर आला. जराही लंगडत नव्हता.

वकील खूश झाला, पट्टी गळ्यात पडली, दरी वाचली. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, बेश्केन तर चक्क नाचत होता. ख्वाशाक मात्र कुणाला न सांगता जिना चढून वर गेली. काहीतरी आगीत गळून पडलं होतं, आणि ते काय होतं, हे तिला समजत होतं.

दालन रिकामं होतं. गालिचा उघडा होता. कोपऱ्यात, जिथे ऊन पोचत नाही तिथे, कुणीतरी दात वाजवत होतं.

"माई..."

तिने भिंतीला हात टेकला. कोपऱ्यात दिसत काहीच नव्हतं.

"माई... थंडी वाजते गं... मी आगीतून बाहेर आलो, पण कुणी माझ्याकडे बघेना... बेश्केनला हाका मारल्या..."

"मुरवान?"

"कुणाला सांगू नकोस मी इथे आहे... सांगितलंस तर वकिलाला कळेल... दरी जाईल..." तेवढ्यातही त्याला दरीचीच काळजी. ख्वाशाकला रडू फुटलं, आणि तिने ते पदरात कोंबलं. रडायची बंदी होती ना आज. मग दाराकडे तोंड करून तिने पाठीमागे हात नेला, कोपऱ्याकडे. बर्फासारखी बोटं तिच्या बोटांत आली आणि घट्ट धरून राहिली.

जिन्यावर पावलं वाजली, दमदार, एकसारखी. दारात मुरवान उभा राहिला. गळ्यात सोनं, गालांवर रंग, डोळ्यांत माया.

"कुणाशी बोलतेस, माई?"

"कुणाशी नाही, राजा."

तो प्रेमाने हसला. आत आला, मागे वळून दार लावून घेतलं आणि कडी चढवली.

"मग हात मागे का?"