कालच्या तारखेचं पाकीट

पोस्टाचं दार उघडायला अजून सात मिनिटं होती आणि पायरीवर ती एकटीच उभी होती, बाबांच्या गुडघ्याच्या एक्स-रेचं मोठं पाकीट छातीशी धरून. एक्स-रे घरीच होता. आत दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये एक साधं पांढरं पाकीट होतं, आणि त्यावर बाबांनी रंगवलेला लांब मानेचा डायनासोर.

पाऊस नुसता भुरभुरत होता. एक तरुण सायकल लावून धावत आला, पायरीवर घसरता घसरता सावरला आणि तिच्या हातातल्या पाकिटाकडे बघून म्हणाला, "गुडघा का? आत बाक आहे, लगेच बसा हं."

"गुडघा नाही. डायनासोर आहे."

"अं?"

"यात. डायनासोर आहे."

तो थांबला. मग अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "जिवंत असेल तर पार्सलच्या खिडकीवर जावं लागेल."

तिला हसायचं नव्हतं... पण हसू आलंच.

दहा वाजता तिकिटांच्या खिडकीमागे तोच बसलेला दिसला. कुणीतरी रजेवर गेलं म्हणून दोन महिन्यांसाठी आलेला, नवा कारकून. आज डायनासोरचं नवं तिकीट निघणार होतं. तिकीट ज्या दिवशी निघतं त्याच दिवशी ते पाकिटावर चिकटवून त्याच तारखेचा शिक्का घ्यायचा, की झालं फर्स्ट डे कव्हर. छापील कव्हरं कुठेही मिळतात, पण तिच्या घरात छापील चालत नसे. सहा वर्षांची असताना ती गोवराने अंथरुणाला खिळली होती, तेव्हा जमिनीचे नकाशे काढणाऱ्या बाबांनी ऑफिसातल्या बारीक निबाने पहिलं पाकीट रंगवलं. डायनासोरच्या पायाशी तांदळाच्या दाण्याएवढी एक मुलगीही काढली. तेव्हापासून डायनासोरचं तिकीट निघालं की बाबांचं पाकीट ठरलेलं. अशी एकोणीस झाली. दर पाकिटात ती मुलगी जराशी वाढत गेली. दप्तर गेलं, वेण्या गेल्या, चष्मा आला. आता मुलगी चष्म्याच्या दुकानात काचा घासत होती आणि बाबांचा हात थरथरत होता. या विसाव्या पाकिटाला त्यांना तीन आठवडे लागले. ब्रश धुताना ते म्हणाले होते, "बारके, हे शेवटचं हं."

हे सगळं काही तिने खिडकीत सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "शिक्का अर्धा तिकिटावर आणि अर्धा शेपटीवर यायला हवा. आमच्याकडे तशीच पद्धत आहे."

त्याने चित्र पाहिलं आणि चेष्टा एकदम थांबवली. हात रुमालाला पुसले. शिक्का शाईवर दोनदा हलकेच टेकवला. मग मान वर न करता म्हणाला, "श्वास रोखा."

"मी? मी कशाला?"

"मग काय मी एकट्यानेच रोखू?"

तिने रोखला. ठप्प! बरोब्बर अर्धा शेपटीवर. शाईचा तो ओलसर वास, काचेपलीकडचे ते मिस्कील डोळे... घरी पाकीट ठेवून दुकानात पोचल्यावर तिने एका आजोबांना आजींचा चष्मा द्यायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं म्हणा ना.

दुपारी जेवायला घरी आली. सकाळी ठेवून गेलेलं पाकीट बाबा भिंगातून बघत होते.

"बारके, आज किती तारीख?"

"सोळा."

"मग यावर पंधरा कशी?"

तिने भिंग हिसकावूनच घेतलं. पंधरा. तिकीट जन्माला यायच्या आदल्या दिवशीचा शिक्का!

"दिवसभर लोकांच्या डोळ्यांना चष्मे लावतेस," बाबा हसून म्हणाले, "आणि स्वतः..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. पाकीट उलटं करून ठेवलं. "असू दे. चालेल."

बाबांचं 'चालेल' तिला चांगलं ठाऊक होतं. ते अजिबात चालणारं नव्हतं.

पावणेपाचला ती खिडकीशी पोचली तेव्हा काय काय बोलायचं ते रस्ताभर पाठ केलेलं होतं. पण तिने तोंड उघडायच्या आत तोच उभा राहिला.

"माझी चूक. काल याच शिक्क्याने सराव केला आणि सकाळी तारीख फिरवायची राहिली. तुमच्यामागच्या काकांनी दाखवली. पायरीवर धावत आलो, तर तुम्ही गेलेल्या. नाव नाही, पत्ता नाही. सकाळपासून दाराकडे बघून बघून मान अवघडलीय."

"मग मारा आता यावरच दुसरा."

"एकदा शिक्का बसला की ते तिकीट संपलं. त्यावर पुन्हा मारायची परवानगी नाही." त्याने खणातून एक पाकीट काढलं. कोरं. कोपऱ्यात नवं तिकीट आणि त्यावर सोळा तारखेचा स्वच्छ गोल शिक्का. "शेपटी कुठे होती ते आठवून अर्धा तिथे मारलाय. चित्र नंतर बसवता येईल ना?"

ती पाकिटाकडे बघत राहिली. राग कुठे गेला कळलं नाही. "बाबांचा हात आता थरथरतो. ते शेवटचं होतं."

त्याचा चेहरा एकदम उतरला. हातातला शिक्का त्याने बाजूला ठेवला. मग हळूच म्हणाला, "त्यांची माफी मागायला येऊ? रविवारी? हाकललं तर जाईन."

बाबांनी हाकललं नाही. दारातच म्हणाले, "या, कालचे साहेब!" आणि नाव पडलं ते पडलंच. कोरं पाकीट त्यांनी उजेडात धरलं, अर्ध्या शिक्क्याची मोकळी बाजू बघितली आणि ब्रश लेकीच्या हातात दिला.

"मी? बाबा, मला साधी रेघ सरळ येत नाही!"

"डायनासोरला सरळ रेघ असते कुठे? शेपटीपासून सुरू कर. जागा तर यांनी राखूनच ठेवलीय."

मग रविवारमागून रविवार गेले. बाबा खुर्चीतून सांगायचे, ती रंगवायची आणि कालचे साहेब तिच्या हातावर भिंग धरून बसायचे. हिरवा जास्त पडला की बाबा ओरडायचे. तिसऱ्या रविवारी डायनासोरचं पोट फुगलं.

"गाभण आहे का हो हा?" त्याने विचारलं.

"तुम्ही भिंग नीट धरा. हलतंय ते."

"भिंग नाही हलत. माझा हात हलतोय."

"का?"

"तुम्ही इतक्या जवळ बसता..."

तिने ब्रश पाण्यात बुडवला आणि उगाच बराच वेळ ढवळत बसली. बाबांना नेमका तेव्हाच खोकला आला.

सातव्या रविवारी तो बातमी घेऊनच आला. रजेवरचा माणूस शुक्रवारी परत येणार होता आणि त्यानंतरच्या सोमवारपासून याची नेमणूक दुसऱ्या गावाला झाली होती, बसने चार तासांवर. "जायच्या आधी पूर्ण होईल ना?" एवढंच त्याने विचारलं. तिने मान हलवली. आता फक्त पायाशी उभी राहणारी मुलगी काढायची राहिली होती. तेवढी मात्र तिने कुणाला बघू दिली नाही.

आठव्या रविवारी तो आला तेव्हा पाकीट टेबलावर होतं आणि शेजारी भिंग. बाबा स्वयंपाकघरात चहा करत होते. ते कधीच चहा करत नसत.

"बघा," ती म्हणाली आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली.

त्याने भिंग लावलं. शेपटी शिक्क्यात चपखल बसली होती. पोट अजून थोडं फुगलेलंच होतं. आणि पायाशी चष्मा लावलेली मुलगी... एकटी नव्हती. तिच्याजवळ, अगदी जवळ, कुणीतरी उभा होता. त्याच्या हातात तिळाएवढा शिक्का होता.

भिंग टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. तिला मागे वळून बघायचा धीर होईना. आपण चुकलो की काय... पुसता तरी येईल का हा रंग?

"पहिलं पाकीट काय केलं?" त्याने विचारलं. "माझ्या चुकीचं?"

"बाबांच्या पाकिटांच्या वहीत आहे. याच्या शेजारीच ठेवणार आहे."

"चुकीच्या तारखेचं? कशाला?"

"चुकीची कुठे?" ती वळली. "त्या तारखेला मी तुला ओळखतही नव्हते. अशी ती शेवटची तारीख. त्या पाकिटावरची मुलगी बघ, एकटीच आहे." बोलता बोलता 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं आणि दोघांनीही ते ऐकलं होतं.

तो उठून जवळ आला. "चार तास लागतात बसने," तो म्हणाला. "पण रविवारी पहाटेची एक बस आहे. मी बघून ठेवलीय. पहिल्याच रविवारी इथे येणाऱ्या सगळ्या बसचं वेळापत्रक उतरवून घेतलं होतं... नेमणुकीचा पत्ताही नव्हता तेव्हा. म्हटलं, कुठेही टाकलं तरी यायला तर हवं." तो थांबला. "तू अशी गप्प का?"

"त्या दिवशी खिडकीत म्हणालास, श्वास रोखा," ती म्हणाली. "सोडा असं काही तू म्हणालाच नाहीस."

तो हसला, आणि तिचे रंगाने माखलेले हात त्याने आपल्या शाईच्या हातांत घेतले.

"बारके," आतून बाबांनी हाक मारली, "रंग वाळेपर्यंत थांबू की आणू चहा?"