चोवीसपैकी पाच कार्डं

दुपारी बाराला नर्स बॅग भरायला लागली, तेव्हा ताईंनी धाकट्या बहिणीला फोन लावला.

ताई म्हणजे माहितीपटांच्या जुन्या संकलक. दरवर्षी सहा आठवडे त्या नवख्या फिल्मवाल्यांना आपल्या घरी ठेवून घेत आणि कॅमेऱ्याला हात लावू न देता नुसतं लिहायला बसवत. यंदा दोघं होते. एक वॉर्डातून लांब रजा घेऊन आलेली नर्स, दुसरा कोर्टाला कंटाळलेला वकील. आज चार वाजता दोघांनी निवड समितीपुढे आपापली फिल्म मांडायची होती. समितीला पटली तर फिल्म होणार, नाही तर नर्सला मुकाट्याने वॉर्डात परतायचं होतं. आणि आता ती म्हणत होती की मांडणारच नाही.

धाकटी बहीण खाजगी तपासनीस होती. बारीकसारीक गोष्टी उचलायची तिची खोड जुनी, म्हणून घरात तिला चिमटा म्हणत. दार उघडलं ताईंच्या नवऱ्याने, म्हणजे भावोजींनी. हे निवृत्त गणित शिक्षक प्रत्येक तपासात तिच्यामागे हिंडत आणि दर वेळी छातीठोकपणे भलत्याच माणसावर बोट ठेवत.

"वकिलाने केलंय," तिने चपला काढायच्या आधीच भावोजींनी निकाल दिला.

"काय केलंय ते तरी सांगा," चिमटा म्हणाली.

नर्सच्या खोलीत बुचाचा मोठा फळा होता. फिल्ममधला एकेक प्रसंग एकेका कार्डावर, अशी चोवीस कार्डं तिने काल संध्याकाळी त्यावर टाचली होती. आता एकोणीस उरली होती. फिल्म तिच्या आत्यावर होती. आत्या तीस वर्षं बंदरात क्रेन चालवत होती. एकदा तिच्या क्रेनवरून भार सुटला, एका हमालाचा पाय गेला आणि खालून इशारे देणाऱ्या माणसाची नोकरी गेली.

गेलेली कार्डं नर्सला तोंडपाठ होती: सकाळचा चहा, धुकं, खालून आलेला इशारा, चौकशी, निरोप समारंभ.

"मग पुन्हा लिही की," भावोजी म्हणाले.

"लिहीन हो. पण या घरातलंच कोणीतरी माझ्या फिल्मच्या मुळावर उठलंय. त्या माणसासमोर उभी कशी राहू?" नर्स म्हणाली. पोरगी मनातून पार खचली होती.

चिमटा फळ्याला नाक लावून उभी राहिली. उरलेल्या प्रत्येक कार्डाला टाचणीची दोन-दोन भोकं होती. काल किती वेळा टाचली, असं तिने विचारलं. एकदाच, नर्स म्हणाली. मग चिमटाने एक कार्ड उलटलं. मागे पेन्सिलीने लिहिलं होतं: इशारेवाल्याची बायको. पुढच्या बाजूला प्रसंग होता: अपघाताच्या दिवशी कडक ऊन, डबा घेऊन जाताना डोक्यावर पदर घ्यावा लागला.

ताईंनी समजावून सांगितलं. प्रसंग कोणी सांगितला ते कार्डामागे लिहायचं, हा त्यांचा नियम. दर शनिवारी दोघं ही नावं एकमेकांना वाचून दाखवत, आणि कोणतं कार्ड कोणाचं याची यादी जेवणघराच्या दारामागे लावलेली असे. कोणी आलं की ताई हा नियम कौतुकाने सांगत, आज सकाळी चहाला आलेल्या आत्यालाही सांगितला होता.

चिमटाने एकेकाला विचारलं. वकील चिडला, त्याची फिल्म एका बंद पडलेल्या शाळेवर, त्याला बंदराशी काय देणंघेणं? स्वयंपाकीणबाई म्हणाल्या, यादी रोज डोळ्यांसमोर असते, पण भाजी सोडून कशात लक्ष घालायला वेळ कुणाला आहे. आत्या जेवणघरात पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. ती एवढंच म्हणाली की पोरीने मांडायलाच हवं.

चिमटाने दारामागची यादी वाचली आणि सगळ्यांना तिथेच बसवलं.

"चोराने प्रत्येक कार्ड काढून उलटलं आणि नको ते परत टाचलं. म्हणून दोन भोकं. त्या एकाच दिवसाबद्दल अनेकांनी सांगितलंय, कुठलं कोणाचं ते पुढून कळत नाही, म्हणजे तो मागचं नाव शोधत होता. ताई, वकील, बाई, तिघांनाही यादी ठाऊक. त्यांना एकोणीस कार्डं उलटायची गरज काय?"

"मग मी?" भावोजी गडबडले.

"तुमच्याच जेवणघरातली यादी, भावोजी. उलटणाऱ्याला नियम माहीत होता, पण यादी नाही. गेलेली पाचही कार्डं आत्याबाईंनी सांगितलेली. पण त्यांचं सहावं कार्ड जागेवर आहे: क्रेनच्या शिडीवर पहिल्यांदा चढले तो दिवस. एकच का सोडलं? एक बाई म्हणते कडक ऊन होतं, आणि चोरलेलं कार्ड म्हणतं धुकं. गेली ती खोटी, राहिलं ते खरं. सांगितलेल्यातलं खरं-खोटं सांगणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार?"

आत्याने पर्स उघडली आणि पाचही कार्डं टेबलावर ठेवली.

"धुकं नव्हतं," ती म्हणाली. "इशाराही आला नव्हता. मी घाई केली आणि चौकशीत इशारेवाल्याचं नाव पुढे केलं. चहापासून निरोप समारंभापर्यंत मी सांगितलेलं सगळं त्याच खोट्यावर उभं होतं. तू सगळ्यांपुढे उभी राहून माझं खोटं खरं म्हणून सांगणार होतीस, बाळ. तेवढं थांबवायचं होतं. तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही."

 नर्सने आत्याशेजारची खुर्ची ओढली आणि त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते विचारलं. आत्या सांगत गेली. नर्सने एक अक्षर लिहून घेतलं नाही, फक्त ऐकलं. ताईंनी सगळ्यांना बाहेर काढून दार लोटून घेतलं.

चारला नर्स समितीपुढे उभी राहिली. फळ्यावर तिने पाच जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. तिथे काय येणार, असं अध्यक्षांनी विचारलं.

"मला अजून माहीत नाही," नर्स म्हणाली.

मागच्या रांगेतून आत्या उठली. "ते मी सांगणार आहे. आधी इशारेवाल्याच्या घरी जाऊन सांगते, मग कॅमेऱ्यापुढे."

समितीने फिल्म घेतली. वकिलाचीही घेतली, आणि भावोजींनी त्याची हात जोडून माफी मागितली.

दोन दिवसांनी आत्या आणि नर्स इशारेवाल्याच्या दारात उभ्या होत्या. नर्सने बेलकडे हात नेला, पण आत्याने तो बाजूला केला आणि बेल स्वतः वाजवली.