मुंग्यांतला माणूस

“गोटी, कात्री खाली ठेव. आणि हळूच टीव्हीकडे बघ!”

भिंगने हे इतक्या बारीक आवाजात सांगितलं, की तिचा धाकटा भाऊ कात्री ठेवायचंच विसरला.

दोघं सुट्टीत आत्याकडे आली होती खरी, पण मजा करायला नाही. आत्याचं शिवणाचं सामान खोक्यांत भरायचं होतं. आज दुपारीच बाबा गाडी घेऊन येणार होते, तिला कायमचं न्यायला. कारण एकच. आत्याला बंद टीव्हीत माणसं दिसत! बाबा दोनदा येऊन बघून गेले, दोन्ही वेळा संध्याकाळी. काहीच दिसलं नाही. “ताईचं मन थाऱ्यावर नाही. एकटं ठेवायला नको,” असं म्हणून त्यांनी निकाल लावला होता. तीस वर्षं चाललेलं आत्याचं शिवणयंत्र कालपासून चादरीखाली गप्प होतं.

टीव्ही जुना, पाठीमागे पोट सुटलेला. त्याचं बटण आत रुतून बसलं होतं, म्हणून आत्या फक्त नव्या सेट-टॉप बॉक्सला रिमोटने झोपवी. मग पडद्यावर नुसत्या मुंग्या वळवळत राहत.

आता त्या मुंग्या मधोमध गोळा होत होत्या. आधी काळपट डाग. मग दोन खांदे. मग एक चेहरा! त्याला डोळे असावेत तिथे खळगे होते. ओठ हलत होते आणि आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता.

चेहरा गेला. दुसरा आला. तोही जाऊन पहिला परतला. रिमोट मात्र खोक्यावर एकटाच पडला होता.

आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून कुणीतरी हसलं.

“पलीकडे… पलीकडे तर कुलूप आहे ना?” गोटीचा आवाज चिरकला.

“आहेच,” दारातून आत्या म्हणाली. “शेजारचे मास्तर महिन्यापूर्वीच लेकीकडे गेलेत.” ती पडद्याकडे नाही, मुलांच्या तोंडाकडे बघत होती. “दिसला ना तुम्हाला? खरं सांगा.”

“दिसला, आत्या.”

आत्या मटकन खाली बसली. “म्हणजे मला वेड लागलेलं नाही!”

भिंगच्या अंगावर काटा आला होता, पण तिची एक खोड होती. घाबरली की ती प्रश्न विचारायची.

“गोटी, बॉक्सची पिन काढ.”

“मी? तू मोठी आहेस!”

“म्हणूनच सांगतेय!”

गोटीने डोळे मिटून पिन उपटली. बॉक्सचा लाल दिवा विझला. चेहरा तसाच बोलत राहिला!

“चल गं, पळू या!” गोटी ओरडला.

“थांब.” भिंगने टीव्हीमागे हात घातला आणि अँटेनाची वायर ओढली. चेहरा गडप! उरल्या नुसत्या मुंग्या. वायर पुन्हा खोचली. चेहरा हजर.

“गोटी, भुताला वायर लागते का रे?”

“मला काय विचारतेस? मी कुठे झालोय अजून भूत!”

वायर टीव्हीतून थेट भिंतीत शिरत होती. बॉक्स मात्र समोरच्या खिडकीपाशी होता. “आत्या, मग याचं चित्र टीव्हीपर्यंत पोचतं कसं?”

“डिशवाल्याने जोडलंय. म्हणाला, तुमच्या टीव्हीला एकच भोक, त्यात बॉक्स लांब, नवी वायर कोण ओढत बसणार? जुन्या अँटेनाची वायर भिंतीतून गेलीच आहे, तिच्यातच सोडून देतो.”

भिंग गच्चीकडे धावली, मागोमाग गोटी. गच्ची दोन्ही घरांची मिळून एकच होती. जुन्या अँटेनाचा नुसता दांडा उरला होता आणि त्याला एक गंजकी डबी. डबीत दोन वायरी जात होत्या, एक आत्याच्या घरातली, दुसरी मास्तरांच्या! भिंगने कठड्यावरून वाकून पाहिलं. मास्तरांच्या पुढच्या दाराला कुलूप. मागच्या खिडकीच्या पडद्यावर मात्र निळा उजेड थरथरत होता.

“आत कुणीतरी आहे,” ती पुटपुटली.

“चोर!”

“चोर टीव्ही नेतो, बघत बसत नाही. पण गोटी, वायरीला दिशा कळत नाही. तिकडचं इकडे येतं, तर इकडचंही तिकडे जाणारच!”

खाली हॉर्न वाजला. बाबा!

“झाली का खोकी भरून?” म्हणत ते खाली धावत आलेल्या मुलांपाठोपाठ आत आले आणि पडद्याकडे बघून जागच्या जागी थिजले. खळग्यांच्या डोळ्यांचा माणूस त्यांच्याशीच बोलत होता.

“ताई… हे…”

“शू! बाबा, कान भिंतीला लावा,” भिंग म्हणाली. तिने बॉक्सची पिन खोचली आणि रिमोट दाबत प्राण्यांची वाहिनी गाठली. रानातला काळोख, आणि एक तरस जबडा वासून खिदळत होतं! पडद्यावर दोन्ही चित्रं एकमेकांत मिसळली. बोलणाऱ्या माणसाच्या गळ्यातून तरसाचे दात बाहेर आले. बाबासुद्धा दोन पावलं मागे सरले.

“आई गं! मेलो!” भिंतीपलीकडून किंकाळी आली. काहीतरी धाडकन पडलं. मागचं दार आदळलं. बाबा धावत बाहेर गेले आणि कुंपणापाशी एका पायात चप्पल असलेल्या माणसाला त्यांनी दंडाला धरलं.

डिशवाला!

“सोडा साहेब! मास्तरांच्या घरात भूत आहे!”

“भूत नाही, तरस आहे,” गोटीने समजावलं.

मग सगळं बाहेर आलं. बॉक्स बसवण्यासाठी मास्तरांनी याच्याकडे मागच्या दाराची किल्ली दिली होती. तिथेही जुन्याच वायरीत चित्र सोडून काम झालं, किल्ली काही परत गेली नाही. रोज दुपारी स्वारी मास्तरांच्या गार खोलीत लोळत टीव्ही बघायची.

“वायर वाचवायला गेलास, आणि माझी ताई वेडी ठरली!” बाबा कडाडले. “किल्ली इकडे दे. आणि दोन्ही घरांत आजच्या आज वेगळी वायर ओढायची!”

“ओढतो साहेब. पण आधी ते खिदळणं बंद करा!”

बाबा आत येऊन बहिणीसमोर बसले. “चुकलं माझं, ताई. मी नुसता बघून गेलो. या दोघांनी शोधलं. शाबास रे पोरांनो! भिंग, तुझ्यासारखं मीही आधी वायर काढून बघायला हवं होतं.”

“बोलणं पुरे,” आत्या उठली. तिने शिवणयंत्रावरची चादर ओढली. “माझ्या दोऱ्यांचं खोकं कुठलं? उघड बघू. आणि हो, यापुढे ये, नक्की ये. पण जेवायला ये, मला न्यायला नाही!”