राहिलेल्यांची यादी

शनिवारची दुपार होती आणि ऑफिसात माणसं मोजून दोन. एक ती, एका सॉफ्टवेअर टूलची माहितीपुस्तिका लिहिणारी. दुसरा चष्मेवाला इंजिनिअर, ज्याने ते टूल बनवलं होतं आणि ज्याला स्वतःला चार ओळी धड लिहिता येत नव्हत्या. सोमवारी टूल लोकांच्या वापरासाठी बाहेर जायचं होतं. पुस्तिकेतलं शेवटचं उदाहरण तेवढं बाकी होतं.

काम तसं साधं होतं. ग्राफ म्हणजे ठिकाणं आणि त्यांना जोडणाऱ्या वाटा. टूल त्या वाटांनी फिरतं, पाहिलेल्या ठिकाणावर खूण करतं आणि उरलेली ठिकाणं 'राहिलेले' नावाच्या यादीत ठेवतं. यादी रिकामी झाली की फेरी संपली. फक्त ही पुस्तिका माणसं वाचणार नव्हती, एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणारे प्रोग्राम, वाचणार होते. माणूस अर्ध्या वाक्यावरून उरलेलं समजून घेतो. एजंट बिचारा लिहिलं तेवढंच धरून चालतो. म्हणून त्यांच्या ऑफिसची रीत होती, की लिहिलेलं पान आधीचं काही ठाऊक नसलेल्या एका कोऱ्या एजंटाच्या हाती द्यायचं आणि त्यावरून त्याला टूल चालवायला लावायचं. तो अडला तर दोष पानाचा.

उदाहरणासाठी तिने आपलं लहानपणचं घर घेतलं. ते घर आता नव्हतं. आई गेल्यावर विकलं, पाडलं, तिथे आता गाड्या उभ्या राहतात. पण तिला त्याचा कोपरा न् कोपरा पाठ होता. रस्ता, पुढची खोली, मधली खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, अंगण. प्रत्येक दाराच्या दोन वाटा, जायची एक आणि यायची एक. लिहिता लिहिता ती हरवूनच गेली. मधल्या खोलीच्या चौकटीवर दादाने पेन्सिलीने मारलेल्या उंचीच्या रेघा, न्हाणीघरातला ओल्या साबणाचा वास, आणि अंधार पडायला लागला की पुढच्या दारात उभी राहून पोरं मोजणारी आई. सगळी आत आल्याशिवाय ती कडी लावत नसे. किती वर्षांनी हे आठवलं, म्हणून तिचं तिलाच भरून आलं.

तिने पान एजंटाला दिलं. क्षणभरात उत्तर आलं.

'सहा ठिकाणं पाहिली. फेरी संपवता येत नाही. राहिलेले: धाकटी.'

तिने ते तीनदा वाचलं. घरात तिला धाकटी म्हणायचे. ऑफिसात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पानावर तो शब्द कुठेच नव्हता.

"अरे, इकडे ये जरा," तिने चष्मेवाल्याला हाक मारली. "हे एजंट मनाचं काहीतरी घुसवतात ना?"

"घुसवतात कधीकधी." त्याने वाकून पाहिलं, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "पण ताई, ही यादी एजंट नाही बनवत. टूल बनवतं. आणि टूलला कुठलं आलंय मन!"

त्याने नवा एजंट घेतला. मग आणखी एक. तिघांचीही फेरी त्याच शब्दावर अडली. "सोमवारी हे असं गेलं तर माझं काही खरं नाही," तो म्हणाला. "दुसरं कुठलंही घर टाका ना. काढून टाका हे."

काढायला तिचा हात धजावेना. जिन्यात जाऊन तिने दादाला फोन लावला.

"दादा, एक विचारू? आईच्या त्या शेवटच्या दिवशी... तू होतास ना तिच्याजवळ?"

"आज का काढलंस हे?"

"सांग ना."

"तू उद्या येते म्हणाली होतीस. मी तिला सांगितलंही तसं. पण संध्याकाळी मी कडी लावायला गेलो तर ओरडली माझ्यावर. म्हणाली, लावू नकोस, धाकटी यायची राहिलीय... रात्रभर दार उघडंच होतं गं. तुला सांगून काय करणार होतो?"

त्या दिवशी तिची एक मीटिंग होती. कशाची, तेही आता आठवत नव्हतं. पायरीवर बसून ती पोटभर रडली.

परत आली तेव्हा तिचं ठरलं होतं. पानात तिने एक नवं ठिकाण लिहिलं, 'धाकटी'. ते रस्त्याला जोडलं, रस्ता आणि पुढची खोली यांच्यामधल्या जायच्या-यायच्या दोन्ही वाटा तपासल्या, आणि पान एजंटाला दिलं. या वेळी उत्तराला वेळ लागला. ऑफिसात ओल्या साबणाचा वास पसरत होता.

'धाकटी आत आली. राहिलेले: कोणी नाही. फेरी संपली.'

"सुटलो!" चष्मेवाला म्हणाला. "जुळलं की हो! आता जसंच्या तसं राहू द्या, हात लावू नका." त्याने पाठीला पिशवी अडकवली. "मी निघतो. तुम्हीही निघा घरी."

"हो, निघतेच."

बंद करण्याआधी तिने सवयीने पान एकदा नजरेखालून घातलं. पुढच्या खोलीतून रस्त्यावर जायची वाट तिथे नव्हती. आत यायची तेवढी होती. तिने ती ओळ पुन्हा लिहिली, पान बंद करून उघडलं. ओळ नव्हती. आणखी एकदा लिहिली. पुन्हा नाही.

बाहेर दिवे लागले होते. तिला उठून पळावंसं वाटायला हवं होतं, पण कित्येक वर्षांत पहिल्यांदाच तिला कुठे जायची घाई नव्हती.

स्क्रीनवर, फेरी संपल्यानंतर, आपोआप एक ओळ उमटली. पुस्तिकेत अशा ओळीचा नियमच नव्हता.

'आत: दोघी.'