घराचे डोळे गेले कुठे?

“दहा ठिकाणं? एका दिवसात?” खुएने यादी वाचली आणि कपाळावर हात मारला. “अरे लाम, हे होई आन आहे! इथे लोक चालतात, पळत नाहीत!”

“माझी गाडी संध्याकाळी सहाला आहे,” लाम गळ्यातला कॅमेरा सावरत म्हणाला. “आईने यादी करून दिलीय. बाजार, जुनी विहीर, चिनी सभागृह, जपानी पूल, नदीपलीकडचं सुतारांचं गाव... शिवाय मला इथल्या दारांवरच्या लाकडी डोळ्यांचे फोटो हवेत. शाळेच्या प्रदर्शनासाठी. पन्नास जोड्या!”

“मग आमच्यापासूनच सुरू कर!” दहा वर्षांचा बाऊ उडी मारून म्हणाला. “आमच्या घराचे डोळे सगळ्यात भारी. फुलासारखे कोरलेत. उजव्याला बारा पाकळ्या आणि डाव्याला अकराच! मी मोजल्यात.”

“एक कमी? तुझ्या डोक्यात आहे तशी?” त्याची ताई खुए म्हणाली, आणि बाऊने तिची वेणी ओढली.

आज खुए-बाऊच्या थोरल्या भावाचं, तोआनदादाचं लग्न होतं. तेवढ्यासाठीच लाम, त्यांचा आतेभाऊ, आईबरोबर हनोईहून आला होता. अर्ध्या तासापूर्वीच आजोबा, आई-बाबा, थाक काका आणि सगळी मंडळी दोन नावांतून नवरीच्या गावी, नदीपलीकडच्या किम बोंगला गेली होती. बरोबर भेटींचे सहा डबे होते. लाल रोगणाचे, गोल, वरून लाल कापड झाकलेले. पोरांना मात्र सक्त ताकीद होती. “पायात पायात येऊ नका! लामला गाव दाखवा, आणि साडेअकराला नवरी येईल तेव्हा दारात हजर राहा!” पोरांना तेवढंच हवं होतं.

तिघं रस्त्यावर आली. लामने कॅमेरा वर केला. खाली घेतला. पुन्हा वर केला.

“कुठायत डोळे?”

खुएने वर पाहिलं. दाराच्या चौकटीवर जिथे घराचे दोन लाकडी डोळे असायचे, तिथे दोन फिकट गोल डाग होते आणि प्रत्येक डागात खुंटीचं एक रिकामं भोक!

“घर आंधळं झालं!” बाऊ किंचाळला.

“हळू बोल!” खुएने त्याच्या तोंडावर हात ठेवला. “आजोबांना कळलं तर संपलंच! गेल्या वर्षी शेजाऱ्यांच्या दाराचा एक डोळा पडला, तर तो परत बसेपर्यंत आजोबा त्यांच्याकडे चहालासुद्धा गेले नाहीत. आणि आज तर नवरी यायचीय! ‘नवरीला आधी घराने पाहिलं पाहिजे’, काल जेवताना तीनदा म्हणाले ते. मिएन वहिनीला उंबऱ्याबाहेर उभं करतील रे!”

मिएन वहिनी खुएची फार लाडकी. नाव वल्हवायला तिनेच शिकवलं होतं, दोनदा नदीत पडल्यावरही न ओरडता. ती नवरीच्या पोशाखात भर उन्हात दाराबाहेर उभी आहे आणि सगळी गल्ली बघतेय, हे चित्र खुएला सहन होईना.

“काल संध्याकाळपर्यंत होते का?” लामने डिटेक्टिव्हसारखे डोळे बारीक केले.

“होते. तेव्हा त्या कोपऱ्यावरचा रंगारी शिडी घेऊन इथेच होता!”

एवढं पुरे होतं. तिघं धूम पळाली. रंगारी पुढच्या गल्लीत, विहिरीजवळच्या भिंतीला पिवळा रंग देत होता. एका रिकाम्या पेटीवर चढून, टाचा उंचावून.

“आमच्या घराचे डोळे तुम्ही नेलेत?” बाऊने सरळ विचारलंच.

“मी? मला देवाने दोन दिलेत, त्यांत भागतं माझं!” रंगारी हसला. “डोळे काढले तुमच्या थाक काकांनी. माझीच शिडी मागून घेतली. काखेत लाल कापड. म्हणाले, खुंट्या ढिल्या झाल्यात, पुसतो, नव्या कापडात गुंडाळून ठेवतो आणि सकाळी लावतो. शिडी अजून परत केली नाही! बघ, पेटीवर उभा राहून रंगवतोय. सांग त्यांना!”

“थाक काका!” खुए आणि बाऊ एकदमच म्हणाले.

थाक काका माणूस सोन्यासारखा, पण विसराळूपणात त्यांचा हात धरणारा कुणी नाही. मागच्या नववर्षाला मासे आणायला गेले आणि मासे बाजारातच ठेवून कोथिंबीर तेवढी घरी घेऊन आले होते!

“फोन लाव त्यांना,” लाम म्हणाला.

खुएने घराकडे पळता पळताच फोन लावला. घंटा वाजायला लागली... आणि तिघं दारात पोचली तेव्हा ती घंटा स्वयंपाकघरातून ऐकू आली! केळीच्या पानांच्या ढिगाखाली काकांचा फोन आनंदाने थरथरत होता.

चुलीपाशी लामची आई, लुआ आत्या, वाफेने लाल झालेली उभी होती. सगळं ऐकून ती स्टुलावर मटकन बसली.

“अगं बाई! हा थाक म्हणजे ना! बाकी कुणाला फोन करायचीही सोय नाही. बाबांनी, म्हणजे तुमच्या आजोबांनी, सगळ्यांना फोन बंद ठेवायला लावलेत. पोरांनो, शोधा! लाल कापड दिसेल ते उघडा!”

पण लग्नाच्या घरात लाल कापड काय एकच असतं? एका कापडाखाली चहाची किटली निघाली. दुसऱ्याखाली फुलदाण्या. तिसऱ्याखाली मांजर झोपलं होतं, ते बाऊवर फिस्कारलं.

“सापडले!” जिन्याखालून बाऊचा आवाज आला. त्याने लाल रोगणाचा एक गोल डबा ओढून काढला आणि झाकण उघडलं. “अरेच्चा!”

आत वड्या होत्या. हिरव्या पानांच्या चौकोनी पुड्यांत बसवलेल्या, दोन-दोन लाल फितीने एकत्र बांधलेल्या. ‘नवराबायकोच्या वड्या’च म्हणतात त्यांना. त्यांच्याशिवाय लग्न लागत नाही! बाऊचा हात एका पुडीकडे गेला, तशी खुएने त्यावर चापट मारली.

“जोडी मोडशील, खादाडा!” आणि मग ती एकदम थांबली. “पण हा डबा इथे कसा? वड्यांचा डबा तर नावेतून जायला हवा होता. सहा डबे गेले. मी मोजले होते.”

“मी फोटो काढलाय!” लामने भराभरा बटणं दाबली. “हे बघ, सकाळचा. सहा डबे रांगेत. थांब, मोठा करतो... हा शेवटचा. याच्या कापडावर कसला डाग आहे? पिवळा!”

“रंगाऱ्याच्या शिडीचा रंग, काकांच्या हाताला लागलेला!” खुए ओरडली. “काकांनी डोळे नीट राहावेत म्हणून जास्तीच्या, सातव्या रिकाम्या डब्यात ठेवले. आणि सकाळी घाईत वड्यांच्या जागी...”

“आपल्या घराचे डोळे नवरीकडे गेले!” बाऊने वाक्य पुरं केलं.

लुआ आत्याने घड्याळ पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. “पावणेनऊ. साडेनऊला पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे डबे उघडतील. शंभर माणसांसमोर! बाबा मान वर करून बघणार नाहीत पुन्हा कुणाकडे!”

“नाव उलट्या पाण्यातून जाते. आत्ताशी पोचली असेल,” खुए म्हणाली. “आणि आता पूल झालाय. बाऊ, सायकली काढ!”

दोन सायकली, तीन पोरं आणि एक डबा. लाम खुएच्या मागे डबा मांडीवर घट्ट धरून बसला, आणि बाऊ पुढे घंटी वाजवत सुटला.

“बाजूला! बाजूला! लग्नाच्या वड्या!”

“हा बाजार!” खुए पाय मारता मारता ओरडली. “बघितलास?”

“कोळंबी बघितली! एक टोपली तर पायालाच लागली!”

“हे चिनी सभागृह! बघितलंस?”

“फाटक बघितलं! अर्धं!”

“आणि हा जपानी पूल! तिथे टोकाला दगडी माकडं बसलीत, दिसली?”

“एक दिसलं! की तो माणूस होता?”

“काय फरक पडतो! यादीवर खूण कर!”

लामला हसू आवरेना. डबा हलायला लागला. “हसू नकोस! जोड्या मोडतील!” खुए ओरडली आणि स्वतःच हसत सुटली. नदीवरच्या अरुंद पुलावर समोरून एक बाई कोंबड्यांच्या टोपल्या घेऊन आली, तेव्हा बाऊने सायकल कठड्याला चिकटवली आणि इतक्या अदबीने मान झुकवली की बाईने रस्ता सोडला. पूल संपला. लाकडाच्या भुशाचा वास आला. किम बोंग!

नवरीच्या अंगणात मांडव भरला होता. लांब निळे अंगरखे, डोक्यांवर गोल पगड्या, मधोमध खुए-बाऊचे आजोबा ताठ उभे. देव्हाऱ्यापुढच्या टेबलावर सहा डबे. पाच उघडले होते. विड्याची पानं, फळं, चहा, मद्य, मिठाई. सहाव्याच्या कापडाला आता खुएच्या आईने हात घातला होता!

“लाम, काहीतरी कर!” खुए कुजबुजली.

लामने एक श्वास घेतला आणि कॅमेरा उंच धरून पुढे धावला.

“थांबा, थांबा! आजोबा, मी हनोईहून मुद्दाम आलोय! दोन्हीकडच्या मंडळींचा एक फोटो! सहावा डबा उघडायच्या आधीचा! शुभ असतो!”

आणि काय सांगावं! फोटो म्हटल्यावर शंभरच्या शंभर माणसं पगड्या सारख्या करायला लागली. “उंच माणसं मागे!” “अगं, तू खांबाआड लपू नकोस!” “मला पुढे येऊ द्या!” सगळ्यात पुढे अर्थातच थाक काका! सगळ्यांची तोंडं लामकडे आणि पाठी टेबलाकडे झाल्या. खुएने वड्यांचा डबा ठेवला, दुसरा उचलला, बाऊच्या हातात दिला. बाऊ दबक्या पावलांनी फाटकाकडे निघाला.

समोर एक काठी आडवी आली.

“काय रे पोरा? लग्नात डबे आत येतात. तू हा बाहेर कुठे नेतोस?”

स्टुलावर एक म्हातारे सुतार बसले होते. नवरीचे आजोबा, खांग आजोबा. गुडघे दुखतात म्हणून फोटोसाठी ते उठलेच नव्हते! त्यांच्या आवाजाने सगळा मांडव वळला. खुएच्या आजोबांच्या भुवया वर चढल्या. थाक काकांनी कापडावरचा पिवळा डाग पाहिला, आणि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

बाऊने खुएकडे पाहिलं. मग बाऊनेच छाती पुढे काढली.

“ते... आमचं घर मिएन वहिनीला बघायला आलंय! सगळं घर आणता येत नव्हतं, म्हणून डोळे तेवढे आणलेत!”

मग कुणीतरी खुसकन हसलं. मग मिएन वहिनी हसली. मग सगळा मांडव! फक्त आजोबा हसले नाहीत, आणि खांग आजोबा. त्या म्हाताऱ्या सुतारांनी बाऊच्या हातातला डबा उघडला, कापड सोडलं आणि डावा डोळा हातात घेतला. अंगठा पाकळ्यांवरून फिरत राहिला.

“नऊ... दहा... अकरा.” त्यांनी डोळा उन्हाकडे धरला. “हा माझ्या बापाच्या हातचा आहे.”

माणसं त्यांच्या स्टुलाभोवती सरकली.

“मी सात वर्षांचा होतो. तो कोरायचा आणि मी लाकूड धरून बसायचो. नेमकी मला शिंक आली! पटाशी घसरली, पाकळी उडाली. मला वाटलं, आता मार बसणार. पण बापाने उरलेल्या पाकळ्या जरा रुंद केल्या आणि म्हणाला, असू दे, कुणी मोजत नाही.”

“मी मोजल्या!” बाऊ म्हणाला.

“सत्तर वर्षांत तूच पहिला!” खांग आजोबांनी डोळे पुसले आणि व्याह्यांकडे वळले. “हे आता सांगितलं म्हणून नातीचं लग्न मोडणार नाही ना?”

आजोबांनी तो लाकडी डोळा हातात घेतला आणि पाकळ्या स्वतः मोजल्या. मग हळूच त्यांच्या मिशीखाली हसू आलं. “आणि आम्ही आजवर गावभर सांगत आलो, की या डोळ्यांत एकही चूक नाही!”

सहावा डबा उघडला. एकही जोडी मोडली नव्हती. खांग आजोबांनी तिथल्या तिथे फणसाच्या लाकडाच्या दोन नव्या खुंट्या तासल्या आणि गुडघ्यांची तक्रार न करता नावेत चढले.

साडेअकराला सगळी गल्ली दाराशी जमली होती. रंगाऱ्याची शिडी अजून परत गेलीच नव्हती, त्यामुळे ती शोधावी लागली नाही! काकांनी ती दोन्ही हातांनी धरली, तोआनदादा वर चढला, आणि खांग आजोबांनी खालून सांगितलं तसे डोळे पुन्हा आपल्या जागी बसले. मिएन वहिनी खाली उभी राहून वर बघत होती. आजोबा दारात आले.

“ये मुली, आत ये,” आजोबा म्हणाले. “या घराने तुला आधीच पाहिलंय.”

मिएन वहिनीने उंबरा ओलांडला आणि खुएने एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की तिचे तळहात लाल झाले.

जेवणं झाल्यावर आजोबांनी तिघांना समोर बोलावलं. “या पोरांनी आज दोन घरांची लाज राखली,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आणि थाक, तू शिडी परत करून ये. आत्ता! वाटेत विसरू नकोस!”

“लाम, यादीचं काय झालं रे?” लुआ आत्याने विचारलं.

“बरीच ठिकाणं झाली, आई. पण सगळी धावती!” लामने मान खाली घातली. “आणि डोळ्यांची एकच जोडी.”

“अजून चार तास आहेत,” आजोबा म्हणाले आणि त्यांनी काठी उचलली. “चल. या गावातलं प्रत्येक दार मला ठाऊक आहे. आणि ते डोळे कुणी कोरले, ते या व्याह्यांना ठाऊक आहे.”

मग दोन म्हातारे पुढे आणि तीन पोरं मागे, अशी वरात उन्हातून निघाली. लाम फोटो काढत होता, खुए आकडा लिहीत होती, आणि बाऊ प्रत्येक दाराशी मान वर करून पाकळ्या मोजत होता.

“पुरे रे बाबा!” खांग आजोबा म्हणाले. “माझी आणखी एखादी शिंक सापडायची तुला!”