सारखी दारं, सारखी छपरं

दार.

एका ओळीत हिरवी दारं. चांद्याजवळच्या कोळसा खाणीवर कामगारांसाठी नव्या खोल्या झाल्या होत्या, सगळ्या एकाच नकाशाच्या. सावली गावाहून भावाकडे आलेली धुरपता पाण्याने भरलेला पितळेचा गुंड घेऊन आत शिरली... आणि थबकली. सिगडीपाशी एक परका तरुण!

"काऊन जी, माह्या भावाच्या घरात काय करून राह्यले?"

"देवाजी बाजूले रायते. हे माहं घर." तो हसला. "पण पाणी आणलंच हाय, तं ठेवा."

"भात करपून राह्यला तुमचा," ती म्हणाली, आणि पळाली.

भिंत.

त्याचं नाव वारलू. दोन खोल्यांमध्ये एका विटेची भिंत. तिच्यातून धग यायची, खोकला यायचा, आणि दुपारी पाळी नसली की वारलूचा आवाज.

"झोपली का?"

"या भट्टीत?"

"हिवाळ्यात पाय मंग. सिगडीत केवढाही कोळसा घाल, दात वाजतेच."

"नकाशा काढणारा इथी राह्यला नसन."

"बरं झालं. त्यानं दारं निराळी काढली असती, तं तू माह्या घरात आली असती का?"

पलीकडे बांगडी वाजली — एकदाच.

छप्पर.

"पोरगा बरा हाय," देवाजी म्हणाला. "खोली हाय त्याले. देतो बहीण."

धुरपताने वर टिनाच्या छपराकडे पाहिलं. वैशाखात टिन कडकड वाजे. सावलीच्या घरी मातीच्या भिंती होत्या, वर भाजल्या मातीचे कवेलू. तिथली दुपार अंगाला लागत नसे. इथे श्वासही तापलेला.

"मले नाई जमणार," ती भिंतीला म्हणाली. "म्हणजे... तुमी नाई. टिन."

वारलूने बंडीभर तणीस आणली, धानाचा वाळला पेंढा. टिनावर पसरली, दोरीने आवळली, पाणी शिंपडलं. खोली निवली. धुरपताने आत पाऊल टाकलं... डोळे मिटले.

मग मुकादम आला. "सगळी छपरं सारखी पाह्यजेत! ठिणगी पडली तं ओळ जळन. आज काढ, नाई तं खोली सोड."

"सोडतो," वारलू म्हणाला.

देवाजीचा चेहरा उतरला. "मंग आमची बहीण नाई, वारलू. रस्त्यावर कसा देऊ तिले?"

वारलूने मान खाली घातली. पण छपराला हात लावला नाही.

वरून तणसाची एक पेंडी त्याच्या पायाशी पडली.

धुरपता! पदर खोचून, छपराच्या काठावर.

"अवं, काऊन काढून राह्यली? तुह्यासाठीच तं—"

"माह्यासाठीच काढून राह्यली."

तापल्या टिनावरून तिने हात झटकला, फुंकर घातली, पुन्हा पेंडीला घातला.

"भाजन तुले!"

"भाजू द्या... दुपारी निंबाखाली बसू." तिने खाली पाहिलं, आणि मग लाजून दुसरीकडे. "उभे काऊन? दोरी सोडा ना. आपली खोली हाय ती."